कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवताना: पदवीच्या मूल्यमापनापासून पेन्शनच्या अर्जापर्यंत

जून २०२५ मध्ये मी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून निवृत्त झाले. आठ वर्षं पार्ट-टाइम, बारा वर्षं फुल-टाइम, विषय सगळा काळ इंग्रजी. आपल्याकडे इंग्रजीत एम.ए. करून इकडे आलेले बरेच जण विचारतात की आपली पदवी इथे चालते का, सुरुवात कुठून करायची, कायम व्हायला किती वर्षं लागतात. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत, आणि वर्क परमिट हातात आहे असं धरलं आहे.

राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा १८ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो, गुणांची अट नाही. २०१२ च्या उन्हाळ्यापासून फी युनिटला (युनिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप, एक वर्ग साधारण तीन युनिटचा) ४६ डॉलर आहे आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना तीही माफ होते. इथे दोन वर्षं करून मुलं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जातात. त्या वाटेवरचा सगळ्यात महत्त्वाचा वर्ग म्हणजे पहिल्या वर्षाचा इंग्रजी लेखनाचा. आपण जे शिकवतो ते बहुतांशी हेच: वाचून, विचार करून, पुरावा देऊन निबंध लिहिणं. कवितेचा किंवा कादंबरीचा वर्ग एखाद्या सेमिस्टरला वाट्याला येतो. हे मनाशी पक्कं करूनच यावं, नाहीतर पहिल्या वर्षीच निराशा येते.

माझी सुरुवात २००४ मध्ये कागदपत्रांपासून झाली. इंग्रजीसाठी किमान पात्रता राज्यभर एकच आहे: इंग्रजी, साहित्य, तौलनिक साहित्य किंवा कॉम्पोझिशन (लेखन) यांपैकी एका विषयात मास्टर्स. बी.ए. इंग्रजीत आणि मास्टर्स भाषाशास्त्र, टीसॉल (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणं), पत्रकारिता अशा ठरावीक विषयांत असेल तरी चालतं. पीएच.डी. लागत नाही, नेट-सेटसारखी परीक्षाही नाही. परदेशी पदवी मात्र मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते, आणि तीही प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड दाखवणाऱ्या सविस्तर अहवालासकट. नुसता 'पदवी समकक्ष आहे' असा एक पानी अहवाल स्वस्त पडतो, पण कॉलेजं तो परत पाठवतात.

अडचण आपल्या तीन अधिक दोन वर्षांच्या रचनेत आहे. काही संस्था आपली बी.ए. आणि एम.ए. मिळून इथल्या मास्टर्सच्या बरोबरीची धरतात, काही एक वर्ष कमी मोजतात. म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेला ईमेल करून आपल्या विद्यापीठाचं नाव आणि पदवीचं वर्ष सांगून विचारा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. अहवाल कमी पडलाच तर कॉलेजच्या डिस्ट्रिक्टकडे (एक किंवा अनेक कॉलेजं चालवणारी स्थानिक संस्था) 'इक्विव्हॅलन्सी'चा, म्हणजे आपलं शिक्षण किमान पात्रतेच्या बरोबरीचं धरावं असा, अर्ज करता येतो. तो नोकरीच्या अर्जाबरोबरच जोडायचा असतो. मागाहून दिलेला बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, आणि त्याच एका कागदावाचून चांगले अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झालेले मी पुढे निवड समितीत बसून पाहिले. मला त्या वेळी अहवालाला दीडशे डॉलरच्या आसपास खर्च आला, पण वेळ गेला तो आपल्याकडच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये. विद्यापीठातून बंद, शिक्का मारलेलं पाकीट यायला चार महिने लागले. पाकीट आपण उघडायचं नाही. दोन जास्तीची पाकिटं तेव्हाच मागवून ठेवली ती पुढे नऊ वर्षांनी उपयोगी पडली.

२००५ च्या फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सेमिस्टरला पहिला वर्ग मिळाला. पार्ट-टाइम भरतीला मोठी प्रक्रिया नसते. विभागप्रमुख किंवा डीन जमा झालेल्या अर्जांतून बोलावतात, अर्ध्या तासाची मुलाखत होते, आणि कधीकधी सेमिस्टर सुरू व्हायला आठवडा असताना फोन येतो. त्यामुळे पंधरा-सोळा आठवड्यांचं वेळापत्रक, निबंधांचे विषय आणि वाचनाची यादी आधीच तयार ठेवलेली असावी.

पार्ट-टाइमचं गणित समजून घ्या. कायद्याने एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्ण भाराच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त वर्ग देता येत नाहीत. ही मर्यादा तेव्हा ६० टक्के होती, २००९ पासून ६७ टक्के झाली. पूर्ण भार साधारण १५ युनिट, म्हणजे तीन युनिटचे पाच वर्ग. एका ठिकाणी तीन वर्गच मिळत असल्याने माणूस दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवतो आणि दिवस हमरस्त्यावर जातो. इथे अशा शिक्षकांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. सकाळी आठचा वर्ग एका गावात आणि संध्याकाळी सहाचा चाळीस मैलांवर, असं मी सहा वर्षं केलं. पगार वर्गातल्या तासांचा. तीन युनिट म्हणजे ५४ तास, आणि त्याचे मला सुरुवातीला सेमिस्टरला २,८०० डॉलरच्या आसपास मिळत. एका वर्गात २८ मुलं, प्रत्येकाचे चार निबंध, एकाला २० मिनिटं धरली तर नुसती तपासणी ३७ तासांच्या वर जाते. ते तास पगारात नसतात.

वर्ग हातातून जाऊही शकतो. एखाद्या फुल-टाइम प्राध्यापकाचा वर्ग पुरेशी मुलं न आल्याने रद्द झाला तर त्यांचा भार भरून काढायला आपला वर्ग त्यांना देतात. २००९ च्या मंदीत राज्याने पैसे कापले तेव्हा वर्गच कमी झाले, आणि एका सेमिस्टरला माझ्याकडे दोनच उरले. पार्ट-टाइमच्या काळातल्या दोन गोष्टींचं महत्त्व मला फार उशिरा कळलं.

एक, बेकारी भत्ता. सर्व्हिसी नावाच्या १९८९ च्या खटल्यातल्या निकालामुळे कम्युनिटी कॉलेजच्या पार्ट-टाइम शिक्षकांना दोन सेमिस्टरच्या मधल्या काळात आणि उन्हाळ्यात बेकारी भत्त्याचा दावा करता येतो. पुढच्या सेमिस्टरचं पत्र हातात असलं तरी ते मुलांची संख्या आणि पैसा यांवर अवलंबून असतं, म्हणून ती कामाची खात्री धरली जात नाही. फॉर्मवर हेच कारण स्पष्ट लिहा. 'काम आहे' एवढंच लिहिलं तर दावा फेटाळला जातो.

दुसरी, पेन्शन. पार्ट-टाइम असतानाही शिक्षकांच्या पेन्शन योजनेत, कॅलस्टर्समध्ये, सामील होण्याचा पर्याय असतो. तो फॉर्म पहिल्या दिवशीच्या गठ्ठ्यात मिळतो आणि बरेच जण न वाचता बाजूला ठेवतात. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी तो माझ्यासमोर ठेवून भरून घेतला, म्हणून मी २००५ पासून सभासद झाले. याची किंमत कळली ती निवृत्तीच्या वेळी. १ जानेवारी २०१३ पूर्वीच्या सभासदांना वयाचा सर्वांत मोठा गुणक (सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पगाराचे किती टक्के पेन्शन, तो आकडा) ६३ व्या वर्षी मिळतो, नंतरच्यांना ६५ व्या.

फुल-टाइम जागेची जाहिरात साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत येते. मंदीची चार वर्षं जागा जवळजवळ निघाल्याच नव्हत्या. २०१२ च्या अखेरीस निघू लागल्या तेव्हा मी सहा ठिकाणी अर्ज केला आणि तीन ठिकाणी मुलाखतीला गेले. अर्जात पत्र, बायोडेटा, ट्रान्स्क्रिप्ट, पदवीचा अहवाल, शिफारसपत्रं, आणि वेगवेगळ्या थरांतल्या मुलांबरोबर कसं काम केलं याचं निवेदन लागतं. पत्रात प्रबंधाबद्दल दोन परिच्छेद लिहू नका. इथे संशोधनावर नेमणूक होत नाही, शिकवण्यावर होते. एका मुलाच्या निबंधात कोणता दोष वारंवार दिसत होता, त्यावर वर्गात काय केलं, पुढच्या निबंधात काय बदललं, असं एक नेमकं उदाहरण समितीला जास्त सांगून जातं.

मुलाखत एक तासाची. समितीत पाच ते आठ जण आणि प्रक्रियेवर लक्ष ठेवणारी एक व्यक्ती. सगळ्या उमेदवारांना तेच आठ-दहा प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. समितीला उपप्रश्न विचारायची मुभा नसते. तुम्ही बोलत असताना सगळे खाली मान घालून लिहीत असतात, कोणी मान डोलवत नाही, हसत नाही. आपल्याकडच्या मुलाखतीची सवय असलेल्या माणसाला वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. तसं नसतं. उत्तरात जे सांगायचं राहिलं ते कोणी काढून घेणार नाही, म्हणून उदाहरण, कृती आणि परिणाम हे तीनही आपणच पूर्ण सांगायचे.

मुलाखतीआधी अर्ध्या तासात एक निबंध तपासायला देतात. इथे नवखे हमखास चुकतात ते प्रत्येक व्याकरणाची चूक लाल करून. समिती पाहत असते की या मुलाला पुढचा मसुदा सुधारायला तुम्ही काय सांगता. मी समितीत आले तेव्हा आमच्याकडे एक निबंध नेहमी असे, किमान वेतनावरचा. पहिलं वाक्य 'देअर इज मेनी रीझन्स'ने सुरू होणारं, परिच्छेदात चार कारणं आणि एकाचाही खुलासा नाही. ज्यांनी 'इज'चं 'आर' करून तशाच अकरा दुरुस्त्या केल्या त्यांना कमी गुण पडत. ज्यांनी समासात एवढंच लिहिलं की 'तिसरं कारण, तुझ्या काकांच्या हॉटेलातलं, सर्वांत जिवंत आहे. त्यावरच अख्खा परिच्छेद लिही आणि आकडा कुठून आणला ते सांग', त्यांना जास्त.

त्यानंतर पंधरा मिनिटांचा पाठ. मी घेतला तो अवतरण निबंधात कसं बसवायचं यावर. फळ्यावर कोणाचंही नाव न घालता एक वाक्य नुसतं टाकलेलं, मग त्याच्याआधी कोण बोलतंय ते, आणि नंतर त्याचा आपल्या मुद्द्याशी संबंध काय ते, असे तीन टप्पे. समितीलाच दोन मिनिटं एक वाक्य लिहायला लावलं. व्याख्यान देऊ नका. पंधरा मिनिटांत समोरच्यांनी हातात पेन घेतलं नाही तर पाठ कितीही विद्वत्तापूर्ण असो, गुण जातात. वेळ संपली की थांबवतात, म्हणून घरी घड्याळ लावून बारा मिनिटांचा बसवा. दुसरी फेरी कॉलेजच्या अध्यक्षांबरोबर असते आणि ती बरीच मोकळी असते.

मे २०१३ मध्ये होकार आला. मग टीबीची तपासणी (साठ दिवसांच्या आतली), बोटांचे ठसे आणि राज्यघटनेशी निष्ठेचं शपथपत्र. नागरिक नसलेल्यांना शपथ लागू नाही. एक गोष्ट मात्र इथेच नीट करा: पगाराच्या तक्त्यावरची जागा. शिक्षणानुसार कॉलम आणि अनुभवानुसार स्टेप ठरते, आणि ती नेमणुकीच्या वेळी ठरते. पार्ट-टाइमची सगळी वर्षं, आणि भारतातल्या कॉलेजात शिकवलं असेल तर तीही, तारखा आणि आठवड्याचे तास लिहिलेल्या अधिकृत पत्रासकट द्यावी लागतात. माझं एक पत्र उशिरा आलं आणि एक स्टेप गेली ती गेलीच. दरवर्षीचा तो फरक पुढे पेन्शनमध्येही उतरतो.

कायम व्हायला चार वर्षं. पहिला करार एक वर्षाचा, दुसरा एक वर्षाचा, तिसरा दोन वर्षांचा. दरवर्षी मूल्यमापन: वर्गभेटी, मुलांची प्रश्नावली, आपलं स्वतःचं निवेदन आणि एक फाइल. पुढे ठेवणार की नाही हे १५ मार्चपर्यंत कळवावं लागतं, त्यामुळे त्या चार वर्षांत फेब्रुवारी महिना फार जड जातो. झोप लागत नाही, हे खरं सांगते. पहिल्या वर्षी माझ्या मुलांनी लिहिलं की निबंध परत यायला फार वेळ लागतो. मी ते निवेदनात जसंच्या तसं उतरवलं, कारण दिलं आणि तपासणीची पद्धत बदलली ती लिहिली. समितीने त्याची चांगली नोंद घेतली. तक्रार लपवली की ती पुढच्या वर्षीच्या वर्गभेटीत समोर येतेच. पहिल्या वर्षी कमिट्यांना नाही म्हणा. लोक वाईट वाटून घेत नाहीत.

तपासणीची बदललेली पद्धत अशी. पाच वर्ग, १४० मुलं, चार निबंध, म्हणजे ५६० निबंध. वीस मिनिटं धरली तर १८६ तासांच्या वर. सगळ्या वर्गांचे निबंध एकाच आठवड्यात मागवले तर कोणीही बुडतो, म्हणून वर्गांच्या तारखा चार-चार दिवसांनी पुढे-मागे ठेवायच्या. एका बैठकीत सहाच निबंध. सातव्याला आपण चिडलेले असतो आणि ते मुलाला भरावं लागतं. प्रत्येकावर दोन मुख्य शेरे आणि एकच व्याकरणाचा दोष, तोही सगळ्यात जास्त वेळा आलेला. पहिल्या मसुद्याला ग्रेड द्यायची नाही. ग्रेड दिसली की शेरा कोणी वाचत नाही. लेखनशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे की लेखनाच्या वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नसावीत, शक्यतो १५ असावीत. आमच्याकडे ती कधी पाळली गेली नाही, आणि या व्यवसायातलं सर्वांत मोठं दुखणं माझ्या मते हेच आहे.

निबंधाचं पान नीट पाहायला शिकावं लागतं. बरीच मुलं निबंध फोनवर लिहितात: बसमध्ये, कामाच्या सुट्टीत, बाळ झोपल्यावर. चार ओळींनी फोनचा पडदा भरतो, म्हणून त्यांना तो मोठा परिच्छेद वाटतो. कागदावर तो तोकडा दिसतो आणि शिक्षकाला वाटतं की मुलाला परिच्छेद कळत नाही. अशा मुलाला व्याकरणाचा धडा नको असतो, ग्रंथालयातून सेमिस्टरभर मिळणारा लॅपटॉप हवा असतो. पहिल्या आठवड्यात 'तू कशावर लिहितोस?' हा एक प्रश्न विचारायला मी दहा वर्षं लावली.

पहिल्या आठवड्यांतली हजेरीही काटेकोर हवी. सेमिस्टरचा पाचवा भाग झाला की 'सेन्सस'चा दिवस येतो. त्या दिवशी नोंदीत असलेल्या मुलांवर कॉलेजचे पैसे ठरतात, आणि न येणाऱ्यांची नावं त्याआधी काढणं आपल्यावर बंधनकारक असतं.

२०१७ मध्ये मी कायम झाले आणि त्याच वर्षी एबी ७०५ हा राज्याचा कायदा आला. तोवर प्रवेशपरीक्षेवरून मुलांना मुख्य लेखनवर्गाआधीच्या तयारीच्या वर्गांत, खालच्या पायऱ्यांवर बसवत, कधी तीन पायऱ्या खाली. प्रत्येक पायरीवर १०० पैकी ७० मुलं पास होऊन पुढे आली असं धरलं तरी तिसऱ्या पायरीनंतर ३४ उरतात, आणि मुख्य वर्ग अजून बाकीच असतो. २०१९ च्या फॉलपासून हायस्कूलच्या गुणांवर थेट मुख्य वर्गात प्रवेश, आणि ज्यांना मदत लागेल त्यांना जोडीला एक-दोन युनिटचा आधारवर्ग. मला हा बदल पटला. मात्र आधारवर्गात तोच शिक्षक असला तरच उपयोग होतो. वेगळा शिक्षक असला की मूल दोघांच्या सूचनांमध्ये अडकतं.

२०२० चं ऑनलाइन सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर एआय आलं. यंत्राने लिहिलेलं ओळखणारी साधनं इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांना जास्त वेळा चुकीने पकडतात, म्हणून मी त्यांवरून कोणालाही दोषी धरलं नाही. पहिला मसुदा वर्गात हाताने लिहून घ्यायचा, पुढचा गूगल डॉक्समध्ये, आणि त्याचा बदलांचा इतिहास मुलाबरोबर बसून पाहायचा. दहा मिनिटं लागतात आणि संशय राहत नाही. शेवटच्या वर्षी राज्यभर एकच विषयक्रमांक आणायचं काम होतं. लेखनाचा वर्ग २०२५ च्या फॉलपासून सगळीकडे इंग्लिश सी-१००० या क्रमांकाने शिकवला जाऊ लागला. ते मोठं कागदकाम मी जाताना पूर्ण करून दिलं.

निवृत्तीचा अर्ज तारखेच्या सहा महिन्यांच्या आत करता येतो, त्याआधी नाही. पण वर्षभर आधी कॅलस्टर्सच्या सल्लागाराची भेट घ्या आणि पार्ट-टाइमच्या प्रत्येक सेमिस्टरची नोंद तपासा. माझं एक अख्खं वर्ष नोंदलेलं नव्हतं, जुन्या पगारपावत्यांवरून ते भरून घ्यायला पाच महिने गेले. पावत्या टाकू नका. पार्ट-टाइमची आठ वर्षं मोजून साडेचार भरली, फुल-टाइमची बारा, एकूण साडेसोळा. त्याला ६३ व्या वर्षाचा २.४ टक्क्यांचा गुणक लावला की सर्वाधिक पगाराच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीच्या ३९.६ टक्के. न वापरलेली आजारपणाची रजाही सेवेत धरतात. जोडीदाराला मागे पेन्शन राहावी असा पर्याय घेतला की रक्कम कमी होते, तो निर्णय घरात बसून, आकडे समोर ठेवून घ्या. या पगारातून सोशल सिक्युरिटी (केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना) कापली जात नाही. दुसऱ्या नोकरीची सोशल सिक्युरिटी असेल तर त्यात होणारी कपात जानेवारी २०२५ च्या कायद्याने रद्द झाली आहे. आणि निवृत्तीनंतर १८० दिवस परत शिकवायला जाऊ नका, त्या कमाईइतकी पेन्शन कापतात.

एक काम कोणी सांगत नाही. शेवटच्या सेमिस्टरला कोणाला 'इन्कम्प्लीट' (काम अपुरं असल्याची तात्पुरती नोंद) दिलं असेल तर काय बाकी आहे, किती गुणांचं आहे आणि काम आलं नाही तर कोणती ग्रेड द्यायची, हे लेखी करून डीनकडे ठेवावं लागतं. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. शिक्षक निघून गेला आणि कागद अर्धवट राहिला तर मुलाची ग्रेड आपोआप घसरते. माझ्या दोन विद्यार्थिनी बाकी होत्या. एकीची रात्रपाळी होती, दुसरी बाळंत झाली होती. दोघींचे अर्धे निबंध, माझे शेरे आणि गुणांचा तक्ता मी विभागातल्या सहकारी बाईंना एकेका फोल्डरमध्ये देऊन आले. ऑक्टोबरमध्ये त्यांचा ईमेल आला: रात्रपाळीवालीचा निबंध आला, बी मिळाला, ग्रेड बदलण्याचा फॉर्म गेला. दुसरीला मे २०२६ पर्यंत मुदत होती.